हिप्परग्याला जाण्याआधी

पोरी,

परवा तू हिप्परग्याहून आलीस आणि रुमालाची पुरचुंडी माझ्या पुढ्यात सोडलीस. आत भोरडी. फिकट गुलाबी अंग, काळं डोकं, मान एका बाजूला कललेली. "आजोबा, बघा ना, एकसुद्धा जखम नाही," म्हणालीस. तेवढ्यात पिसांतून एक चपटी माशी निघाली, तुझ्या मनगटावरून खेकड्यासारखी आडवी पळाली आणि थेट बाहीत शिरली. तू किंचाळलीस, मला हसू आलं. बोलायचं होतं ते राहूनच गेलं. समोर बसून सांगितलं तर तू "हो हो" करत मोबाईल काढतेस, म्हणून लिहून देतो.

मी चौतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होतो. डॉक्टर नव्हे. डॉक्टर लिहून द्यायचे, मी टोचायचो. तेव्हा इथलं बरंचसं हातांनी शिकलेलं आहे, आणि उरलेलं डॉक्टरांच्या टेबलावरच्या पुस्तकांतलं, दुपारी दवाखाना रिकामा असताना वाचलेलं.

आधी त्या माशीचं सांगतो. पाखराच्या अंगावर रक्त पिऊन राहणारी ती माशी चपटीच असते, म्हणजे चोचीच्या चिमटीत सापडत नाही. पाखरू जिवंत असेपर्यंत ती सहसा जागा सोडत नाही. अंग थंड पडायला लागलं की घर सोडते. तुझ्या बाहीत शिरली याचा अर्थ भोरडी मरून फार वेळ झाला नव्हता. आणि तू ती उघड्या हातांनी उचललीस, रुमालात बांधलीस, तोच रुमाल पर्समध्ये टाकलास. मला दुखलं ते हे.

अंगावर किडे दिसले म्हणजे पाखरू आजारी, असं मात्र धरू नकोस. धडधाकट पाखराच्या अंगावरही पिसांतल्या उवा असतातच. पंखावरच्या उवा लांबट, सडपातळ, पिसाच्या दोन धाग्यांमधल्या फटीत आडव्या बसणाऱ्या. डोक्यावरच्या जाड, गोल. कारण स्वतःच्या डोक्यावर स्वतःची चोच पोचत नाही, तिथं लपायची गरज नाही, खाऊन सुस्तावलं तरी चालतं. या उवा पिसं आणि कोंडा खातात. ज्या जातीच्या पाखराच्या असतात त्याच जातीवर जगतात, माणसाच्या अंगावर टिकत नाहीत. त्यांना घाबरू नकोस. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतो तेव्हा त्याच्या उवाही विनातिकीट हिमालय ओलांडतात.

पाखरू आजारी आहे का हे किड्यांवरून नाही, त्याच्या वागण्यावरून ओळखायचं. निरोगी बदक दिवसाचा बराच वेळ पिसं साफ करण्यात घालवतं. ज्यानं ते सोडलं, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून कडेला एकटं बसलं, थवा उडाला तरी जागचं हललं नाही, त्याच्याकडं बघायचं. एप्रिलमध्ये सगळे निघून गेल्यावर मागं राहिलेला एखादा थापट्या किंवा तलवार बदक दिसतो ना, त्याची चौकशी कर. कुणाचा पंख दुखावलेला असतो, कुणी आतून पोखरलेला. अशक्त असतो त्याला पुढचा हजारो मैलांचा पल्ला झेपत नाही, म्हणून आपल्याला भेटतो तो मागं राहिलेला. हे कळायला आधी शंभर निरोगी बदकं तासन्‌तास बघावी लागतात. तुझ्या वहीत नुसत्या जातींची यादी आहे. "आज वेगळं काय वागलं" असा एक रकाना आखून घे.

रक्तातले किडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण तेही असतात. पाखरांना स्वतःचा मलेरिया असतो, तुला माहीत होतं? डास चावूनच होतो, पण तो माणसाला होत नाही. आणि माणसाच्या मलेरियाचं कोडं सुटलं ते पाखरांमुळंच. रोनाल्ड रॉसला 1897 साली सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. इथून, सोलापुरातून, रेल्वेत बसलं की पाच-सहा तासांवरचं हे गाव. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्यानं पाखरं आणि डास घेऊन चावण्यातूनच रोग पसरतो हे पक्कं केलं. त्याची दुसरी बाजूही ऐक. हवाई बेटांवर डास नव्हते. ते जहाजांतून पोचले, मागोमाग पाखरांचा मलेरिया पोचला, आणि त्याची कधीच ओळख नसलेल्या तिथल्या पाखरांच्या कितीतरी जाती संपल्या. आपल्याकडच्या पाखरांचा या जंतूशी जुना घरोबा आहे, म्हणून ती बहुधा तग धरतात. ओळखीचा रोग आणि अनोळखी रोग यांत हा फरक पडतो.

आता तलावाचं. हिप्परग्याचा, म्हणजे कागदोपत्री एकरुखचा, हा तलाव इंग्रजांनी 1871 साली अदिला नदी अडवून बांधला. तिथल्या मासे धरणाऱ्यांकडून मी एक गोष्ट शिकलो. एकदा एकानं मासा चिरून माझ्यापुढं धरला. कल्ल्याजवळ, मांसात, ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळे दाणे. "डॉक्टर, हे काय?" मला सगळे डॉक्टरच म्हणायचे. मी सुईच्या टोकानं दाणा फोडला तर आतून अळी वळवळत बाहेर आली. ती चपट्या कृमीची पिल्लावळ. तिचा पुढचा मुक्काम बगळ्याच्या घशात. बगळा तो मासा खातो, कृमी घशात मोठी होते, तिची अंडी पाण्यात पडतात, तिथून गोगलगाय, गोगलगाईतून परत मासा. एका किड्याला तीन घरं लागतात. मासा, बगळा आणि गोगलगाय एकाच उथळ पाण्यात असल्याशिवाय त्याचा संसार होत नाही. मासा नीट शिजवला की विषय संपला, पण अर्धा कच्चा तळून खाऊ नये.

याच गोगलगाईंमुळं आणखी एक होतं. बदकांच्या रक्तात राहणाऱ्या काही कृमी गोगलगाईतून पाण्यात सुटतात आणि बदकाऐवजी माणसाच्या पोटऱ्यांत शिरू बघतात. माणूस त्यांना मानवत नाही, त्या कातडीतच मरतात, पण दोन-चार दिवस लाल पुरळ आणि खाज. गाई-म्हशींच्या तसल्याच कृमीनंही हे होतं. तू फोटोसाठी गुडघाभर पाण्यात उभी राहतेस म्हणून सांगितलं. गमबूट घाल. निघालीस की पाय लगेच पुसून कोरडे कर.

आता मुख्य गोष्ट, तिच्यासाठीच तर लिहायला बसलो.

2025 च्या मार्चमध्ये आपल्याच गावात काय झालं ते तू पाहिलंस. सिद्धेश्वर तलाव, किल्ल्याची बाग, कंबर तलाव, इथं कावळे, बगळे, घारी मरून पडायला लागले. नमुने गेले आणि बर्ड फ्लू निघाला. त्याआधी जानेवारीत उदगीरला कावळे असेच टपाटप पडले होते. कावळा का, हे लक्षात घे. कावळा मेलेलं खातो, घार मेलेलं उचलते. रोग कुठूनही आला असो, मेलेल्या पाखराला जो पहिला तोंड लावतो त्याला तो पहिला गाठतो. म्हणून गावातला कावळा हा आपला तराळ आहे, दवंडी तोच आधी पिटतो. झाडाखाली कावळा मान वाकडी करून गोल फिरताना, तोल जाऊन पडताना दिसला, तर "म्हातारा झाला असेल" म्हणून पुढं जाऊ नकोस.

मेलेलं पाखरू दिसलं तर हात लावायचा नाही. काठीनं पालथं करायचं नाही, पायानं ढकलायचं नाही. दहा पावलांवर उभी राहा आणि मोज. किती, कुठल्या जातीचे, ताजे की अळ्या पडलेले, आसपास कुणी लुळं पडलंय का, कुत्री ओढतायत का. तिथूनच फोटो काढ, जागेची खूण मोबाईलवर ठेव, तारीख आणि वेळ लिही. एखादंच मेलेलं असेल तर मांजर, विजेची तार, संक्रांतीचा मांजा, शेतातलं औषध, काहीही कारण असू शकतं. पण एका जागी तीन-चार दिसले, किंवा दोन वेगळ्या जातींचे दिसले, तर त्याच मिनिटाला फोन. वन विभागाचा 1926, जनावरांच्या दवाखान्याचा 1962. आकडे तेच, शेवटचे दोन अदलाबदल केलेले. चुकून एकाऐवजी दुसरीकडं लागला तरी बिघडत नाही, सांगून टाक. पुढं नमुना पुण्याला औंधला, तिथून भोपाळच्या प्रयोगशाळेत जातो. ते त्यांचं काम. पिशवीत भरून पाखरू घेऊन जाणं हे तुझं काम नाही.

आणि निकाल येण्याआधी व्हॉट्सअॅपवर "बर्ड फ्लू" असं लिहायचं नाही. कोंबड्यांच्या राणीखेत रोगातही मान अशीच वळते. आमच्याकडं तिला मानमोडी म्हणतात ते उगाच नाही. चाळीस वर्षं कोंबड्या पाहिलेल्या माणसालाही नुसतं बघून दोन्हींतला फरक सांगता येत नाही. मलाही नाही. शिवाय तिसरा एक रोग आहे, उन्हाळ्यातला. पाणी आटतं, कडेला कुजका चिखल उरतो, त्यात एका जंतूचं विष तयार होतं. मेलेल्या पाखरावर अळ्या पडतात, अळीत ते विष साठतं, दुसरं पाखरू अळी खातं आणि तेही लुळं पडतं. आधी पाय जातात, मग पंख, मग मान. पंखांच्या वल्ह्यांनी चिखलात पुढं सरकणारं बदक दिसलं तर हे आठव. राजस्थानात सांभरच्या खाऱ्या सरोवरावर 2019 च्या नोव्हेंबरात याच विषानं हजारो पाखरं गेली. तिथं मेलेली पाखरं वेळेवर उचलणं हाच अर्धा उपचार असतो, म्हणून फोन लवकर व्हायला हवा. उजनी धरणाचं पाणी मार्चनंतर कसं मागं हटतं आणि किती चिखल उघडा पडतो ते तू पाहतेसच.

जखमी, जिवंत पाखराची गोष्ट वेगळी. मांज्यात अडकलेलं असलं तर पुठ्ठ्याचं खोकं, भोकं पाडलेलं, आत जुनं कापड, वरून झाकण, आणि अंधार. अंधारात पाखरू शांत होतं. हातमोजे नसले तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांवर चढव, तोंडाला ओढणी नाही, मास्क. चोचीत पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं आणि वाचणारं पाखरू तुझ्या हातून मरतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, एका कनवाळू मास्तरांनी ढोकरीला चमच्यानं पाणी पाजलं, ती त्यांच्या मांडीवरच गेली. आणि गावात रोगाची बातमी असेल त्या काळात खोकंही नाही, फक्त फोन.

आता तुझ्या बापाच्या साठ गावरान कोंबड्या. मळा तलावापासून हाकेच्या अंतरावर, आणि कोंबड्या दिवसभर काठावर चरतात. तुझ्या बापाला मी बोललो की "बाबा, आयुष्यभर अशाच होत्या" म्हणतो. तुझं ऐकेल.

2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तेव्हा निरनिराळ्या जिल्ह्यांतून माणसं मागवली, त्यांत मी गेलो. पांढरा पोशाख, चष्मा, दुहेरी हातमोजे, रोज एक गोळी. आत इतका घाम की बुटात पाणी साचायचं. मोठ्या शेडमधल्या कोंबड्यांचं मला फारसं काही वाटलं नाही, खरं सांगतो. पण एका घरी म्हातारीनं पाचांतली चार बाहेर काढून दिली आणि पाचवी डालग्याखाली लपवली. डालगं आतून खुडखुडलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. डालगं मला उचलावं लागलं. खड्डा, चुना, माती. घरी आल्यावर कितीतरी दिवस मी अंडं खाल्लं नाही. खायला हरकत नव्हती, पूर्ण शिजवलं की हा विषाणू मरतो, पण घास उतरेना.

म्हणून साठच्या साठ वाचवायच्या असतील तर हे कर. कोंबड्यांना पाणी बोअरचं, तलावाचं नाही. खाद्य छपराखाली, म्हणजे वरून बगळ्याची विष्ठा पडणार नाही आणि सांडलेल्या दाण्यांवर भोरड्या उतरणार नाहीत. काठाच्या बाजूला जाळी. हिप्परग्याला घालतेस ते बूट खुराड्यात न्यायचे नाहीत, दुसरा जोड ठेव. विषाणू विष्ठेतून पसरतो आणि थंड पाण्यात बरेच दिवस तग धरतो. बुटाच्या तळव्याला लागलेला चिखल त्याला पुरेसा होतो. साबणाच्या पाण्यानं घासून उन्हात वाळव. सोलापूरचं ऊन फुकट आहे, एवढ्या कामाला तरी वापर. राणीखेतची लस चुकवू नका, पहिल्या आठवड्यात लासोटा, दोन महिन्यांच्या आत-बाहेर दुसरी. बर्ड फ्लूच्या एच5एन1 ची लस आपल्याकडं कोंबड्यांना टोचत नाहीत, तेव्हा जाळी आणि बूट हीच तिथली लस. खुराड्याच्या फटी चुन्यानं लिंपा, दिवसा तिथं लपणारे लाल किडे रात्री कोंबडीचं रक्त पितात. आणि एका कोपऱ्यात राख-मातीचा खड्डा असू द्या. कोंबडी त्यात लोळून आपल्या उवा आपणच काढते.

एक गैरसमज मात्र डोक्यात ठेवू नकोस, की बाहेरून येणारी ही पाहुणी पाखरं रोग घेऊन येतात म्हणून त्यांना हाकला. चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर 2005 साली सहा हजारांवर पाखरं बर्ड फ्लूनं मेली, त्यांत सर्वांत जास्त पट्टकदंब. 2021 च्या सुरुवातीला हिमाचलात पोंग धरणावर तेच, आणि तिथंही पट्टकदंबच जास्त. जो स्वतःच मरतोय त्याला गुन्हेगार कसं म्हणायचं? हा विषाणू मुळात कोंबड्या-बदकांच्या दाटीवाटीत तिखट झाला आणि तिथून रानातल्या पाखरांत गेला. आता तो दोन्हीकडं ये-जा करतो.

हा आळ जुनाच आहे. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याकडं क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसांना ताप यायला लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या लोकांनी गोचिडांत विषाणू शोधून काढला. तो रशियातल्या गोचीड-तापाच्या विषाणूसारखा निघाला, तेव्हा शंका आली की सायबेरियातून येणाऱ्या पाखरांनी गोचीड आणले की काय. सालीम अलींनी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पाखरांच्या पायांत कड्या घालायला सुरुवात केली ती या शंकेपायी. पाखरांवरचा आळ काही सिद्ध झाला नाही. पण कोणतं पाखरू कुठून येतं आणि कुठं जातं, हे आपल्याला त्या कड्यांनी शिकवलं. एखाद्या मेलेल्या पाखराच्या पायात कडी दिसली तर ती काढायची नाही, लांबून फोटोत आकडा वाचायचा आणि मुंबईच्या बीएनएचएसला कळवायचा.

उजनीला बोटीत बसलीस की नावाडी कुरवांना शेव-फरसाण टाकतो, कुरव डोक्यावर गर्दी करतात, फोटो झकास येतात. तू टाकू नकोस. एरवी पाण्यावर विखुरलेली दोनशे पाखरं चार मूठ शेवेसाठी एका जागी चोचीला चोच लावतात. जत्रेत पटकी पसरायची ती अशीच. नावाड्याला तसं सांग, पण भांडू नकोस, त्याचं पोट त्यावर आहे. त्यापेक्षा त्याला पट्टकदंब दाखवायला लाव आणि त्याचे पैसे जरा जास्त दे.

तुझं स्वतःचं. आल्यावर आधी हात साबणानं, मग चहा. काठावर बसून डबा खाताना हात धुतल्याशिवाय भाकरी मोडू नकोस. पाखरांच्या मरतुकीच्या जागी जाऊन आल्यावर दहा दिवसांत ताप, खोकला किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरला नुसतं "ताप आहे" म्हणायचं नाही, "मेलेल्या पाखरांजवळ गेले होते" हेही सांगायचं. विचारल्याशिवाय त्याला कळणार नाही, आणि तो विचारणार नाही. बर्ड फ्लू माणसाला सहजासहजी होत नाही, पण झाला तर वाईट होतो. नागपूरला गोरेवाड्यात 2024 च्या शेवटी तीन वाघ आणि एक बिबट्या यानंच गेले.

तुझ्या भोरडीला मी परसात हातभर खोल पुरलं, वर चुना टाकला. रुमाल जाळला. तुझ्या आजीनं कशिदा काढलेला होता तो, तिला सांगू नकोस. पर्स उन्हात ठेवलीये, सोमवारी घेऊन जा. आणि येताना वही आण, पहिल्या पानावर 1926 आणि 1962 लिहिलेले मला दिसले पाहिजेत.